साहेबांच्या कपाळावरची आठी

दर सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास छातीत धडधड होते, तळहातांना घाम सुटतो आणि पोटात गोळा येतो, अशी तक्रार घेऊन मध्यंतरी एक गृहस्थ माझ्याकडे आले. वय बेचाळीस. एका पतसंस्थेत लेखनिक. ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, टू-डी एको केला तोही नॉर्मल. आधी तीन डॉक्टर होऊन गेले होते आणि तिघांनीही ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ एवढेच सांगून त्यांना परत पाठवले होते. हे वाक्य आम्हा डॉक्टर मंडळींचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निरुपयोगी औषध आहे. मीही ते अनेकदा लिहून दिलेले आहे.

सोमवारी साडेदहाला काय असते, असे मी विचारले. म्हणाले, “साहेबांची मीटिंग असते. थकबाकीची यादी वाचतात. ज्याचे नाव येईल त्याला सर्वांसमोर उभे करतात.” तुम्हाला कधी उभे केले का? “नाही, अजून नाही. पण साहेबांनी बेल वाजवली की माझे निम्मे अवसान जाते. आधी मी त्यांच्या कपाळाकडे बघतो. आठी आहे की नाही, यावरून दिवस ठरतो.”

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत हळूहळू निघाले ते असे. लहानपणी वडील रात्री घरी येत तेव्हा दाराची कडी कशी वाजते यावरून हा मुलगा ओळखत असे, आज पट्टा निघणार की नाही. कडी हळू वाजली तर जेवण. जोरात वाजली तर पलंगाखाली. वडील जाऊन वीस वर्षे झाली; मुलाचा कान मात्र अजून कडीकडेच आहे. (गृहस्थांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. पुढेही तसेच समजावे.)

माणसावर जीवघेणा किंवा जीव गुदमरवणारा प्रसंग येतो आणि त्यातून सुटायचा मार्ग त्याच्या हाती नसतो, तेव्हा मनावर जी जखम होते तिला आपण मानसिक आघात म्हणू. अपघात, भूकंप, बलात्कार, घरातली मारहाण, जवळच्याचा अकाली मृत्यू ही त्याची काही उदाहरणे. अशा प्रत्येकाला कायमचा आजार जडतोच असे नाही. पुष्कळ जण काळाने सावरतात. पण काहींच्या मेंदूतली धोक्याची घंटा फार हलकी होऊन बसते. मेंदूच्या आत बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग आहे, अमिग्डाला नावाचा. धोका दिसताच तो शरीराला हुकूम सोडतो: लढ, पळ, नाहीतर गोठून उभा राहा. अ‍ॅड्रिनलिन स्रवते, नाडी वाढते, पचन थांबते. समोर वाघ असेल तर हे वरदानच. पण समोर थकबाकीची यादी असेल तर त्या नाडीचे करायचे काय? ती रोजच वाढत राहिली तर झोप, रक्तदाब, पचन, साखर असे सगळेच बिघडू लागते. अमेरिकेत फेलिटी आणि अंडा या डॉक्टरांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या पाहणीत बालपणी मारहाण, उपेक्षा, घरातली हिंसा असे अनुभव जितके जास्त, तितके मोठेपणी हृदयविकार, नैराश्य आणि व्यसने यांचे प्रमाण जास्त आढळले. तेव्हा हा विषय आरोग्याच्या सदरात कसा, असे कोणी विचारू नये.

माझा आजचा मुद्दा रोग्यापेक्षा साहेबांविषयी आहे. साहेब म्हणजे कोणीही, ज्याच्या शब्दावर दहा जणांचा दिवस अवलंबून असतो: मुख्याध्यापक, हेडक्लार्क, फोरमन, सरपंच, मठाधिपती, चर्चचे पाळक, आणि अर्थात हॉस्पिटलचा मोठा डॉक्टर. आपल्या हाताखालच्या माणसांपैकी कोण कुठली जखम घेऊन कामावर येतो हे या मंडळींना ठाऊक नसते, आणि प्रत्येकाची जखम ठाऊक असण्याची गरजही नाही. ती असू शकते एवढे गृहीत धरून वागले तरी पुष्कळ झाले.

हे मी पहिल्यांदा पाहिले ते पुस्तकात नव्हे, किल्लारीला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपले असताना लातूर-उस्मानाबाद (आताचा धाराशिव) भागात भूकंप झाला आणि दगडमातीच्या जाड भिंती व माळवदे अंगावर कोसळून हजारो माणसे गेली. मी तेव्हा इंटर्न होतो. मदत पथकाबरोबर गेलो. एका गावी पत्र्याच्या शेडमध्ये मदतीची नोंद चालली होती. एक पन्नाशीचा शेतकरी बाहेर उन्हात उभा. काही केल्या आत येईना. नोंद करणारा कर्मचारी ओरडला, “आत येऊन अंगठा द्यायचा असेल तर द्या, नाहीतर व्हा बाजूला!” तो माणूस खरोखरच बाजूला झाला आणि चालू लागला. त्याच्या घरची चार माणसे छपराखाली गेली होती हे आम्हाला नंतर समजले.

दुसऱ्या दिवशी नोंदीच्या कामावर त्याच भागातले एक प्राथमिक शिक्षक आले. त्यांनी काय केले, तर टेबल उचलून बाहेर लिंबाखाली आणले. बस्स! लोक येऊन बसू लागले. मास्तर कोणालाही ‘तुमचे कोण गेले’ असे विचारत नव्हते. आता मी नाव लिहितो, मग तुम्ही अंगठा द्या, मग हे पोते घ्यायचे, असे पुढचे पाऊल आधी सांगत होते. ज्याला उठून जायचे असेल त्याला जाऊ देत होते. तो शेतकरीही आला. मास्तरांनी मानसशास्त्राचे पुस्तक उघडले असेल असे मला वाटत नाही. पण २०१४ मध्ये अमेरिकन सरकारच्या मानसिक आरोग्य विभागाने आघाताचे भान ठेवून संस्था कशा चालवाव्यात याची जी तत्त्वे छापली, त्यांत सुरक्षितता, विश्वास, एकमेकांचा आधार, निवडीचा अधिकार हेच सर्व आहे. ते वाचताना मला लिंबाखालचे ते टेबलच आठवले.

आता इतके चांगले उदाहरण डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने पुढे काय केले, तेही सांगितले पाहिजे.

काही वर्षांनी एका हॉस्पिटलचा वैद्यकीय प्रमुख म्हणून मी काम करीत होतो. नाव सांगत नाही. एके रात्री दोन वाजता सिस्टरांचा फोन आला. आपल्याकडे इन्शुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात, चाळीस युनिटच्या आणि शंभर युनिटच्या, आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या. शंभरचे औषध चाळीसच्या सिरिंजमध्ये भरले तर डोस थेट अडीचपट जातो. तेच झाले होते. चूक लक्षात येताच त्या मुलीने स्वतः ग्लुकोज चालू केले, स्वतःच मला कळवले आणि रुग्ण पहाटेपर्यंत ठणठणीत झाला. सकाळच्या राउंडला मी काय केले? रुग्णाच्या नातेवाइकांसमोर, शिकाऊ मुलींसमोर तिला असे काही बोललो की ते शब्द इथे लिहायची मला लाज वाटते. वर मेमो दिला. दोन महिन्यांत ती नोकरी सोडून गेली.

त्यानंतर दीड वर्ष आमच्या चुकांच्या नोंदवहीत एकही नोंद झाली नाही. ती कोरी पाने मी ट्रस्टींना अभिमानाने दाखवीत असे.

मग एक निवृत्त शिक्षिका दाखल झाल्या. संध्याकाळचे इन्शुलिन दिले गेले, पण केसपेपरवर सही राहिली. पाळी बदलली आणि रात्रीच्या सिस्टरांनी तेच इन्शुलिन पुन्हा दिले. रात्री अकराला त्यांच्या ते लक्षात आले. त्यांनी मला फोन केला नाही. बाईंना साखरपाणी पाजले, दर थोड्या वेळाने पाहत राहिल्या, मग दुसऱ्या वॉर्डात गडबड झाली तिकडे गेल्या. पहाटे बाई घामाने चिंब, बेशुद्ध सापडल्या. जीव वाचला. परंतु ज्या बाईंना जुन्या विद्यार्थ्यांची नावे तोंडपाठ होती त्यांना पुढे सुनेचे नाव आठवायला वेळ लागू लागला. चौकशीत रात्रीच्या सिस्टर एवढेच म्हणाल्या, “सर, मी फोन हातात घेतला होता. दोनदा.”

कायद्याच्या भाषेत चूक त्यांची होती. फोन खाली ठेवला तो मात्र माझ्या भीतीने.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलांतील औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. जिथे पुढारी चांगला आणि गट एकदिलाने काम करणारा तिथे चुका कमी असतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे निघाले. चांगल्या गटांत चुकांची नोंद जास्त! नीट पाहिल्यावर ध्यानात आले की त्या वॉर्डांत माणसे चुका सांगत होती आणि इतर ठिकाणी झाकत होती. हे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि १९९९ च्या त्यांच्या लेखापासून ‘मानसिक सुरक्षितता’ हा शब्द कारखान्यांत व कचेऱ्यांत रूढ होऊ लागला. प्रश्न विचारला, चूक कबूल केली, साहेबांशी मतभेद सांगितला तरी आपला पाणउतारा होणार नाही, असा सर्व गटाचा भरवसा, एवढाच त्याचा अर्थ. माझी कोरी वही मला त्या वेळी कोणी वाचून दाखवायला हवी होती.

या विषयावर आज लिहायला बसलो त्याचे निमित्त आपल्या जिल्ह्यातल्या एका चर्चचे. तेथील पाळकसाहेब माझे जुने पेशंट. त्यांनी विचारले, “डॉक्टर, आमच्या पंचांशी तासभर बोलाल का?” मी म्हटले, मी तुमच्या धर्माचा नाही, मी काय बोलणार? तेव्हा त्यांनी हकिकत सांगितली. मंडळीतल्या एका तरुण बाईने महिलांच्या प्रार्थना सभेत रडत सांगितले की नवरा मारतो. सभेतून ही गोष्ट एका ज्येष्ठ पंचांकडे गेली. ते मनाने वाईट गृहस्थ नाहीत. त्यांनी बाईंना बोलावले, क्षमा करण्याविषयी चार शब्द सांगितले, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि पुढच्या रविवारी उपासनेत ‘आपल्या एका बहिणीच्या घरातील अशांतीसाठी’ म्हणून सर्वांना प्रार्थना करायला सांगितले. नाव घेतले नाही. पण लहान गावच्या मंडळीत नाव घ्यावे लागत नाही. नवराही बाकावर बसलेला होता. त्या रात्री काय झाले असेल ते वाचकांनीच समजून घ्यावे. त्या रविवारनंतर बाई चर्चला आल्या नाहीत.

धर्माच्या ठिकाणी ही गोष्ट अधिक नाजूक असते. कचेरीतला साहेब रागावला तर माणूस फार तर बदली मागेल. पण जिथे देवाच्या नावाने बोलले जाते तिथे वडीलधाऱ्याच्या कपाळावर आठी दिसली की जखमी माणसाला वाटते, देवच नाराज आहे. मग त्याने जायचे कुठे? हे फक्त चर्चपुरते नाही. मठ, मदरसा, आश्रम, सगळीकडे हेच. मात्र चर्चच्या बाबतीत जगाने किंमत उघडपणे पाहिलेली आहे. अमेरिकेत २००२ मध्ये बॉस्टनच्या वर्तमानपत्राने धर्मगुरूंकडून झालेले मुलांवरील अत्याचार आणि वरिष्ठांनी ते झाकल्याचे प्रकार उजेडात आणले. इंग्लंडमध्ये ख्रिस्ती शिबिरे चालवणाऱ्या एका वकिलाने मुलांवर अनेक वर्षे केलेले अत्याचार २०१३ मध्ये वरिष्ठांना कळूनही पुरेसा पाठपुरावा झाला नाही, असा ठपका चौकशी अहवालाने ठेवला. त्यावरून कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीनामा जाहीर करावा लागला. संस्थेची अब्रू वाचवण्यासाठी झाकलेले असते, आणि शेवटी अब्रूच जाते.

पंचांसमोर मी व्याख्यान दिले नाही. त्या बाईंच्या जागी बसून त्या आठवड्याकडे पाहू या, एवढेच म्हणालो. तिचे दुःख दुसऱ्या कोणाला सांगण्यापूर्वी तिला विचारले होते का? प्रार्थनेसाठीसुद्धा? डोक्यावर हात ठेवण्यापूर्वी ‘ठेवू का?’ असे विचारले होते का? घरी जिच्या अंगावर हात पडतो तिला अचानक डोक्यावर आलेला हात आशीर्वादाचा वाटेलच असे नाही. तिला ज्या खोलीत बोलावले तिथे किती पुरुष होते, दार कुठे होते, बरोबर मैत्रिणीला आणण्याची मुभा होती का? क्षमेची गोष्ट काढण्याआधी ‘आज रात्री घरी जायला सुरक्षित वाटते का’ हा प्रश्न विचारला होता का? कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, हे कोणी तिला सांगितले का? आणि बळी लहान मूल असेल तर घरातल्या घरात मिटवण्याचा अधिकार पंचांनाच काय, कोणालाच नाही; २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे.

ते ज्येष्ठ पंच बराच वेळ खाली पाहत होते. मग म्हणाले, “माझी आई असाच मार खायची. तिला कोणी काही विचारले नव्हते. मला वाटले, मी निदान प्रार्थना तरी केली.” खोलीत कोणी काही बोलले नाही. मलाही काही सुचले नाही.

निघताना पाळकसाहेब सोडायला फाटकापर्यंत आले. मी सहज विचारले, “तुम्हाला झोप लागते का?” दोन मिनिटे उभे राहिले आणि म्हणाले, “२०२१ च्या लाटेत एका आठवड्यात अकरा दफने केली, डॉक्टर. कुटुंबातले दोघे-तिघेच उभे. बाकी मी. तेव्हापासून तीनला जाग येते.” चार वर्षांत हे त्यांनी कोणालाही सांगितलेले नव्हते. सर्वांचे ऐकणाऱ्या माणसाचे ऐकायला कोणी नेमलेला नसतो. ज्याची स्वतःची घंटा रात्री तीनला वाजते त्याच्या कपाळावर दिवसा आठी दिसली तर नवल काय? पाळकसाहेब आता माझ्याकडे येतात, आणि मी त्यांना एका मानसोपचारतज्ज्ञ भगिनींकडे पाठवले आहे.

एक-दोन गैरसमज मात्र आधीच दूर करतो, कारण या विषयावर बोललो की कारखानदार मित्र लगेच हसतात. “म्हणजे आता कामगाराला रागवायचे पण नाही?” रागवा की. दारू पिऊन मशीनवर आला तर घरी पाठवा. चूक सांगणारा आणि चूक लपवणारा यांना एकच शिक्षा देऊ नका, म्हणजे झाले. चूक सांगायला आलेल्या माणसाला पहिले वाक्य ‘बरे झाले सांगितलेत’ हे असावे. चौकशी, शिस्त, मेमो, सगळे त्यानंतर आणि बंद दाराआड. दुसरे, साहेबांनी मानसोपचारतज्ज्ञ होऊ नये. कोणाच्या जखमेची पट्टी सोडून आत पाहू नये. आघातानंतर माणसाला धरून बसवून सगळे बोलायला लावल्याने फायदा होत नाही, कधी अपायही होतो, असे अभ्यासांतून दिसले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत मानसिक प्रथमोपचाराची तीनच कामे सांगितली आहेत: पाहा, ऐका, आणि योग्य मदतीशी जोडून द्या. आपल्याकडे मानसिक आरोग्यासाठी सरकारचा टेली-मानस क्रमांक १४४१६ ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. हे तिन्ही क्रमांक कचेरीच्या भिंतीवर लावायला खर्च येत नाही. मात्र ते दिसतील असे लावावेत. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी असे २०१३ चा कायदा सांगतो. एका कचेरीत त्या समितीची नावे मी कपाटामागे लावलेली पाहिली आहेत. कपाट सरकवल्याशिवाय तक्रार करता येणार नाही, अशी सोय!

पतसंस्थेतल्या गृहस्थांचे काय झाले, हे वाचक विचारतील. औषध थोडे, श्वासाचे व्यायाम, आणि समुपदेशन चालू आहे. धडधड कमी आहे. सोमवारची मीटिंग आहे तशीच आहे.

ज्या सिस्टरांना मी राउंडला बोललो त्यांचा पत्ता मी मागच्या वर्षी शोधून काढला. शेजारच्या तालुक्यात एका रुग्णालयात त्या आता वॉर्डाच्या प्रमुख आहेत. मी गेलो, माफी मागितली. फार वर्षांनी मागितलेली माफी मागणाऱ्यालाच जास्त उपयोगी पडते, हे मला कळत होते. त्यांनी चहा मागवला. म्हणाल्या, “त्या रात्री फोनवर तुम्ही आधी विचारलंत, पेशंट कसा आहे. ते मला आठवतं. सकाळचं जाऊ द्या, सर.” मग उठून मला औषधांचे कपाट दाखवले. चाळीसच्या आणि शंभरच्या सिरिंज दोन वेगळ्या खणांत, मध्ये लाल पट्टी. शेजारी चुकांची नोंदवही. चाळून पाहिली. त्या महिन्यात सात नोंदी होत्या, आणि पहिली त्यांच्या स्वतःच्या नावाची होती.